नातवाच्या थेरपीला शंभरपैकी ८२

गुण आधीच सांगून टाकते, नाहीतर निम्मे लोक खाली सरकत जाऊन तेच शोधणार. शंभरपैकी ८२. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि माझ्या हातून गुण सहजी सुटत नाहीत अशी माझी ख्याती होती, तेव्हा ८२ म्हणजे उत्तम समजा. १८ कुठे कापले तेही येईल.

परीक्षण आहे लहान मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी चालणाऱ्या एका छोट्या थेरपी केंद्राचं. दोन मानसशास्त्रज्ञ, आठवड्यातून एकदा येणारे बालमानसोपचाराचे डॉक्टर आणि फोन उचलणारा एक मुलगा, एवढाच पसारा. केंद्राचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की नातू ओळखू येईल, आणि तो फक्त अकरा वर्षांचा आहे. लिहू का, असं त्याला विचारलं होतं. दोन गोष्टी गाळ म्हणाला, त्या गाळल्या आहेत. लेक आणि जावई दोघंही दिवसभर कामावर, म्हणून त्याला नेणं-आणणं, बाहेर बाकावर बसणं आणि तिथे दिलेला गृहपाठ घरी करून घेणं माझ्या वाट्याला आलं.

तक्रार अशी होती. मुलगा हुशार, बोलका. हळूहळू वही खोडायला लागला. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, कागद फाटेपर्यंत. जिना उतरताना कुणाला आपला धक्का लागला असं वाटून पुन्हा वर जाऊन बघून यायचं. आणि प्रश्न. "आजी, माझ्यामुळे कुणाला लागलं नाही ना?" "आजी, मी मघाशी खोटं तर नाही ना बोललो?" "मी वाईट नाहीये ना?" नाही रे राजा, असं म्हटलं की मिनिटभर चेहरा सैल व्हायचा, की परत तोच प्रश्न, नुसते शब्द फिरवून. झोप लागेपर्यंत हे चालायचं. त्याच्या आजोबांनी तर प्रश्न यायच्या आधीच "नाही, नाही, नाही" असं तीनदा म्हणायची सवय लावून घेतली होती. नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी "मंत्रचळ लागलाय पोराला" असं तोंडावर सांगितलं. मंत्रचळ म्हणजेच डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी: नको तो विचार परत परत येणं आणि तो घालवायला तीच कृती परत परत करत राहणं. म्हणजे रोगनिदान पहिल्यांदा त्यांनीच बरोबर केलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. उपाय म्हणून मात्र त्यांनी धाक सुचवला.

ह्या केंद्राच्या आधी आम्ही एका ऑनलाइन सेवेकडे होतो. तिचंही नाव नको. घरबसल्या व्हिडिओवर बोलायचं, वेळ लगेच मिळते, हे खरं. पण सेशनचा गठ्ठा एकदम विकत घ्यायचा, आणि समोरचा समुपदेशक अधूनमधून बदलणार. नवा माणूस आला की मुलाने आपली कथा पहिल्यापासून सांगायची. त्यांचं काम म्हणजे दीर्घ श्वास, डोळे मिटून ढग बघणं, चांगले विचार करणं. वाईट विचार आला की मनगटावरचं रबर बँड ताणून सोडायचं. शेवटी दर वेळी "तू खूप छान मुलगा आहेस" असं सांगून निरोप. हे ऐकून तो खूश व्हायचा, आणि पुढच्या वेळी आपणहून त्यांनाच विचारायचा, "मी छान आहे ना? नक्की ना?" आमच्या घरात तेच उत्तर देणारे चौघं होते, त्यात पगारी पाचवा आला.

श्वासाच्या व्यायामाला माझी हरकत नाही, मी स्वतः करते. पण मुलांच्या ओसीडीवर तो कितपत पुरतो हे तपासून झालेलं आहे. २०११ साली ७१ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला ओसीडीची खास थेरपी आणि सोबत घरच्यांबरोबर काम. दुसऱ्या गटाला आजाराची माहिती आणि शरीर-मन सैल सोडण्याचं प्रशिक्षण. पहिल्या गटात साधारण ५७ टक्के मुलांना ठळक फायदा झाला, दुसऱ्यात २७ टक्के. म्हणजे संशोधक ज्या गोष्टीशी नुसती तुलना करतात, तीच आम्ही मुख्य उपचार म्हणून विकत घेत होतो.

मुलांच्या डॉक्टरांनी दोन-तीन ठिकाणं सुचवली. फोन मी केले. सगळीकडे एकच प्रश्न विचारला: ओसीडी असलेल्या मुलाबरोबर तुम्ही सेशनमध्ये नेमकं करता काय? एका ठिकाणी "मुलाला मोकळं होऊ देतो" म्हणाले. दुसरीकडे "प्रत्येक मूल वेगळं असतं" म्हणाले, जे खरं आहे आणि उत्तर नाही. ह्या केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंनी संध्याकाळी स्वतः उलट फोन केला आणि सांगितलं, "ज्याची भीती वाटते ते त्याच्यासोबत पायरीपायरीने करायचं, आणि भीती घालवण्यासाठी तो एरवी जे करतो ते मात्र करायचं नाही. खोडायचं नाही, परत जाऊन बघायचं नाही, विचारायचं नाही. ह्याला ईआरपी म्हणतात. ह्या वयात निम्मं काम घरच्यांबरोबर असतं. तुम्हाला जमेल का?" प्रश्न उलटून माझ्याकडेच आला. आपलं शिक्षण कुठवर, मुलांच्या ओसीडीचं काम कुणाच्या हाताखाली शिकलो, अडलं तर कुणाचा सल्ला घेतो, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मला लगेच आवडतो.

ही पद्धत काही कालपरवाची नाही. व्हिक्टर मायर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये लंडनमधल्या दोन रुग्णांवर ती वापरल्याचं लिहून ठेवलं, तिथून ती वाढत गेली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००५ मध्ये ओसीडीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मुलांसाठी हीच थेरपी, घरच्यांना सामील करून घेऊन, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

पहिले कापलेले गुण इथेच. प्रतीक्षायादी लांबलचक होती. मूल रात्री झोपत नसताना "नंबर आला की कळवू" हे ऐकणं फार जड जातं. मधल्या काळात वाचायला दोन पानं पाठवली, एवढाच आधार. चांगल्या माणसांकडे गर्दी असणारच, पण घरच्यांसाठी एखादी ऑनलाइन भेट आधी ठेवता आली असती. सहा गुण गेले.

पहिली भेट मुलाशिवाय होती. लेक-जावई आत, मी पण आत. बाळंतपणापासून शाळेपर्यंत सगळं विचारलं, घराण्यात कुणाला असा त्रास होता का तेही. डॉक्टरांनी एक प्रश्न मुद्दाम विचारला: हे रातोरात सुरू झालं का, आणि त्याच्या आधी घशाचा संसर्ग झाला होता का? काही मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर अशी लक्षणं एकाएकी उसळतात, असं सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलं, आणि तसं वाटलं तर तपासणीची दिशा बदलते. आमचं प्रकरण हळूहळू वाढलेलं होतं, त्यामुळे तो फाटा तिथेच मिटला.

मग मुलाची मोजणी. सीवाय-बॉक्स नावाची एक मोजपट्टी आहे, दहा प्रश्नांची. पाच प्रश्न विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल: दिवसातला किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती होतो, विरोध किती करतोस, ताबा किती आहे. प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण चाळीस. १६ च्या वर गेलं की उपचार हवेत असं साधारण धरतात. नातवाचे २६ आले, म्हणजे तीव्र. लेकीचे डोळे भरले. मला मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं. इतके महिने "फारच वाढलंय", "आज जरा बरा होता" असं चाललेलं. आता हातात आकडा होता, आणि तो दर काही सेशननंतर पुन्हा काढणार असं त्यांनी सांगितलं होतं. ऑनलाइनवाल्यांनी कधी काही मोजलंच नव्हतं. तिथे प्रगती म्हणजे स्क्रीनवर दिसणारे तारे.

त्याच भेटीत बाईंनी मुलाला शांतपणे विचारलं, "कधी मरून जावंसं वाटतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का?" लेक दचकली. नंतर बाईंनी समजावलं की असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट असेल तर बाहेर यायला वाट मिळते. आणि ह्या आजारात तर नीट विचारणं फारच गरजेचं. "माझ्या हातून कुणी मेलं तर?" ह्या विचाराने घाबरून गेलेलं मूल आणि खरोखर कुणाला इजा करायच्या बेतात असलेलं मूल, ह्या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. हे काम न शिकलेल्या माणसाला दोन्हींची वाक्यं सारखीच ऐकू येतात.

त्यांनी नातवाला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून तो बघतच राहिला. असे भलतेसलते विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात. रॅकमन आणि डी सिल्वा ह्या दोघांनी १९७८ मध्ये साध्या, ठणठणीत लोकांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांनी तसलेच विचार येत असल्याचं सांगितलं. "मलापण येतात," बाई म्हणाल्या. "जिन्यात पुढच्या माणसाला ढकललं तर, असा विचार मला परवाच आला. आला, गेला. तुझ्याकडे आला की त्याला आत घेऊन त्याची चौकशी सुरू होते." ह्यावर नातू म्हणाला, "चौकशी मी नाही करत. तो करतो." तो कोण? थोडा विचार करून म्हणाला, "फौजदार." तेव्हापासून आमच्या घरात ह्या आजाराला फौजदार म्हणतात. मुलांकडून असं नाव ठेवून घेणं ही ह्या थेरपीतली ठरलेली युक्ती आहे, हे मला मागाहून कळलं. युक्ती असो, चालली.

आता घरच्यांच्या भागाबद्दल, कारण माझ्या मते ह्या केंद्राचे निम्मे गुण तिथले आहेत. मुलाला आत सोडायचं, आपण बाहेर मोबाईल बघायचा आणि दुरुस्त झालेलं मूल घेऊन घरी यायचं, अशी कुणाची अपेक्षा असेल तर इथे येऊ नका. बाईंनी आम्हा चौघांना एक तक्ता दिला. फौजदाराच्या प्रश्नांना कोण, दिवसातून कितीदा उत्तर देतो, कोण त्याच्यासाठी परत जिना चढून बघून येतो, कोण त्याच्या वह्या "बरोबर आहे" म्हणून तपासून देतो. ओसीडी असलेल्या मुलांच्या जवळजवळ सगळ्याच घरांत हे चालतं, त्यात दोष कुणाचा नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. प्रेमापोटी दिलेलं प्रत्येक उत्तर त्याला दहा मिनिटं सोडवतं आणि फौजदाराला पोसतं. ते एकदम बंद करायचं नाही. मुलाला आधी सांगायचं, कुठल्या प्रश्नापासून सुरुवात ते त्याच्याबरोबर ठरवायचं, आणि मग सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं: "तुला त्रास होतोय, मला दिसतंय. फौजदाराला मी उत्तर देणार नाही. तुला हे झेपेल."

वाक्य पाठ व्हायला वेळ लागत नाही. रात्री साडेदहाला ते म्हणायला लागतो. पहिल्या काही दिवसांत प्रश्न कमी व्हायच्या ऐवजी वाढले, रडारड झाली, "तुझं माझ्यावर प्रेमच नाही" हेही ऐकून घेतलं. असं होणार हे बाईंनी आधी सांगितलेलं होतं, म्हणून टिकलो. आजोबा सगळ्यात कच्चे निघाले. ते तोंडाने "उत्तर देणार नाही" म्हणत आणि मानेने "नाही, नाही" अशी खूण करत. हे फौजदाराने, म्हणजे नातवाने, दुसऱ्याच दिवशी हेरलं. आजोबांना मग वेगळी भेट द्यावी लागली.

नुसत्या पालकांवर काम करून मुलाची चिंता कमी होते का, ह्यावर अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ ह्यांनी काम केलं आहे. स्पेस नावाचा त्यांचा कार्यक्रम आहे, त्यात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिंतेचे आजार असलेली १२४ मुलं होती. ज्यांचे फक्त आईवडील थेरपीला गेले ती मुलं, स्वतः थेरपीला गेलेल्या मुलांइतकीच सुधारली. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बऱ्याच पालकांचं दुःख एकच असे: पोरगा पंधरा-सोळाचा आहे आणि थेरपीला यायलाच तयार नाही. अशांना हे केंद्र परत पाठवत नाही, पालकांपासून सुरुवात करतं. दुसऱ्या कुठल्या केंद्रात फोन केलात तर हे जरूर विचारा.

खुद्द मुलाबरोबरचं काम शिडीने चालतं. भीतीच्या गोष्टींची यादी, प्रत्येकीला शून्य ते दहा आकडा, आणि खालून वर. पेन्सिलऐवजी पेनने लिहिणं. एक शब्द मुद्दाम वाकडा लिहून तसाच ठेवणं. जिन्यात माणसांच्या बाजूने उतरायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. ह्यासाठी बाई त्याला घेऊन खुर्ची सोडून चक्क बाहेर जात. गर्दीच्या जिन्यावरून दोघं खाली येत, आणि मी वरून बघत असे. "कदाचित माझ्यामुळे कुणाला लागलं असेल, कदाचित नसेल, मला कधीच नक्की कळणार नाही," असं त्याने स्वतःच्या हाताने लिहून रोज मोठ्याने वाचायचं. ऐकायला क्रूर वाटतं. पण शंकेचं उत्तर शोधत बसण्यापेक्षा शंकेसकट राहायची सवय लावायची, असं हे सगळं तंत्र आहे, आणि मूल ते अजिबात विव्हळत करत नव्हतं. बऱ्याचदा आतून हसण्याचे आवाज येत.

एके दिवशी मला आत बोलावलं. त्या दिवशीची पायरी होती गणिताच्या वहीत मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायचं, पेनने, आणि त्याच्याखाली आजीने काही न बोलता सही करायची. त्याने लिहिलं, ७ × ८ = ५४. वही माझ्यापुढे सरकवली. बाईंनी त्याला विचारलं, "आकडा किती?" तो म्हणाला, "सहा." मग माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमचा?" मी म्हटलं, आठ. उगाच कशाला खोटं बोलू. नातू इतका हसला की त्याचा सहाचा तीन झाला, माझा मात्र सही केल्यावरही आठच. ती वही शाळेत तशीच गेली. बाईंनी वर्गशिक्षिकेला कळवायचं ठरवलं होतं, पण केंद्राचं पत्र शाळेत पोचायला एवढा उशीर झाला की लाल शेरा आधी आला. त्या शेऱ्याने त्याचं काही बिघडलं नाही. उलट चुकीचं उत्तर देऊनही जग चालू राहतं हे त्याला शाळेच्या खर्चाने कळलं. पण पत्राचा उशीर तो उशीरच. चार गुण कापले. शाळेशी बोलणं हा मुलांच्या उपचारातला जोडकाम नव्हे, मुख्य कामाचा भाग आहे, आणि तिथे हे लोक ढिले आहेत.

गोळ्यांचा विषय डॉक्टरांनी स्वतः काढला, आणि ज्या पद्धतीने काढला त्याला पूर्ण गुण. घाई नाही, बाऊही नाही. २००४ सालचा ११२ मुलांवरचा मोठा अभ्यास त्यांनी कागदावर आकडे लिहून समजावला: थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी जवळपास ५४ टक्के मुलं आजाराच्या पातळीखाली आली, नुसत्या थेरपीने ३९ टक्के, नुसत्या औषधाने २१, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने चारच्या आत. लेकीने इंटरनेटवर ह्या औषधांनी मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढतात असं वाचलं होतं. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २००४ मध्ये तशी ठळक चेतावणी घातली, हे सांगितलं. त्यामागच्या चाचण्यांत असे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे चार टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत दोन टक्के होतं, प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. म्हणून औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवायचं आणि मात्रा मनाने बदलायची नाही. आधी थेरपी करू, आकडा हलला नाही तर औषध जोडू, असं ठरलं. आकडा हलला, त्यामुळे आम्हाला लागलं नाही. बाकावरच्या काही मुलांना लागलं होतं आणि ती छान चालली होती. औषधाशिवाय बरं झालं म्हणून फुशारकी मारणारे पालक तिथे एकदोन भेटले, त्यांच्याशी मी बोलणं वाढवलं नाही.

मोठ्या मुलांचे नियम भिंतीवर लावलेले आहेत, ते वाचायला मला भरपूर वेळ मिळाला. तेराच्या पुढची मुलं थेरपिस्टना एकटी भेटतात. आत काय बोललं ते आईवडिलांना सांगितलं जात नाही. जिवाला धोका असेल किंवा कुणी मुलाशी गैरवर्तन करत असेल तर मात्र सांगितलं जातं, आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी समजावलं जातं. एक वडील ह्यावरून फोनवाल्या मुलाशी तावातावाने भांडले, पैसे मी भरतो आणि मलाच सांगत नाहीत म्हणजे काय. मुलगा नम्रपणे तोच कागद पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. माझं मत विचाराल तर कागद बरोबर आहे. सोळा वर्षांचं मूल आपलं बोलणं रात्री घरी पोचणार आहे हे माहीत असताना काय बोलणार?

पण ह्याच गुप्ततेच्या बाबतीत जागा दगा देते. दारं पातळ. बाकावर बसलं की आतले शब्द नाही तरी सूर स्पष्ट कळतात, आणि कुणी रडलं तर सगळ्या बाकाला कळतं. सांगितल्यावर त्यांनी आतला आवाज झाकायला एक घरघर करणारं यंत्र दाराशी ठेवलं, पण ते निम्मा वेळ बंद असे. बरेचदा मीच बटण दाबून यायची. पाच गुण. शिवाय आठवणीचा संदेश फोनवर यायचा त्यात मुलाचं पूर्ण नाव आणि पुढे "ओसीडी सेशन" असं लिहिलेलं. जावयाच्या फोनवर तो भर मीटिंगमध्ये झळकला. तक्रार केल्यावर नुसतं "भेटीची आठवण" असं यायला लागलं, पण ते तक्रारीची वाट न बघता सुचायला हवं होतं. तीन गुण. सहा, चार, पाच, तीन: झाले अठरा.

फी कमी नाही, पण गठ्ठा विकत नाहीत. आलात त्याचे पैसे, आदल्या दिवशी कळवून रद्द केलं तर पैसे नाहीत. गरजूंसाठी काही जागा कमी दरात ठेवलेल्या आहेत, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, तेव्हा विचारा. आणि हे तातडीचं ठिकाण नव्हे. मूल स्वतःला इजा करायच्या बेतात असेल तर भेटीची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या. केंद्राच्या दारावरही तसंच लिहिलं आहे.

शेवटच्या मोजणीत नातवाचे ११ आले. शून्य नव्हे. जिन्यात अजून एखादा क्षण पाय अडखळतो, परीक्षा जवळ आली की वहीवर खोडरबर फिरतं. फौजदार अधूनमधून परत येणार असं बाईंनी सांगून ठेवलं आहे, त्यामुळे भेटी एकदम न थांबवता लांब लांब करत नेल्या, आणि शेवटच्या दोन भेटी तो परत आला तर काय करायचं ह्याचा कागद तयार करण्यात गेल्या. कागद मुलाने स्वतः लिहायचा असतो. आईबाबांनी काय करायचं, शाळेत कुणाला सांगायचं, किती दिवस तसंच राहिलं तर केंद्राला फोन करायचा, सगळ्याला रकाने आहेत. आजोबांच्या रकान्यात त्याने "मान हलवायची नाही" असं लिहिलं आहे. स्वतःच्या रकान्यात लिहिलंय, "आला तर बस म्हणायचं. पाणी विचारायचं नाही."